बंदीच्या दुसऱ्या दिवशी

विधानसभेत असो, वर्तमानपत्राच्या अग्रलेखात असो की बसस्थानकावरच्या गप्पांत, दारूबंदीची चर्चा एका ठरावीक वाक्याशी येऊन थांबते. अमेरिकेनेही दारूबंदी करून पाहिली, तेरा-चौदा वर्षांत हात टेकले, मग आपण कोण? 2021 मध्ये चंद्रपूर जिल्ह्याची बंदी उठवण्याचा निर्णय झाला, तेव्हाही हे वाक्य कितीतरी वेळा कानावर आले. ते अर्धेच खरे आहे. उरलेल्या अर्ध्याच्या आधारे विदर्भातल्या हजारो बायांची मागणी अडाणीपणाची ठरवून बाजूला सारता येते, आणि म्हणूनच ते तपासून घेणे मला गरजेचे वाटते.

ही तपासणी मी मौद्याकडून करणार आहे. नागपूर-भंडारा महामार्गावरचे, कन्हानच्या काठचे, धान आणि मिरचीच्या पट्ट्यातले हे तालुक्याचे गाव. बाहेरच्या माणसाला ते एनटीपीसीच्या 2320 मेगावॅटच्या औष्णिक वीज केंद्रामुळे माहीत असते. पूर्व विदर्भातल्या मजुरांच्या, विणकरांच्या, लहान शेतकऱ्यांच्या घरांत मात्र मौदा म्हटले की आधी आठवतो तो परमात्मा एक सेवकांचा आश्रम. नागपूरच्या गोळीबार चौकाच्या वस्तीतले बाबा जुमदेवजी ठुब्रीकर (1921–1996) यांनी उभा केलेला हा मार्ग. एका परमेश्वरावर श्रद्धा, अंधश्रद्धेला आणि व्यसनाला घराबाहेर काढणे, आणि सत्य, मर्यादा, प्रेम हे तीन शब्द रोजच्या जगण्यात पाळणे, एवढे त्याचे सार. या मार्गातल्या सेवकांनी कोणत्याही सरकारकडे दारूबंदी मागितली म्हणून दारू सोडलेली नाही. नागपूर जिल्ह्यात बंदी नाहीच. शेजारच्या वर्ध्यात 1974 पासून आहे, गडचिरोलीत 1993 पासून आहे, चंद्रपुरात 2015 ते 2021 होती. एका दिवसाच्या प्रवासात माणूस बंदीचा जिल्हा, बंदी उठलेला जिल्हा आणि बंदी नसलेला जिल्हा पाहू शकतो. दारू आणि कायदा यांचा संबंध अभ्यासायला याहून चांगला मुलूख महाराष्ट्रात नाही. तरीही दाखला द्यायचा झाला की आपण शिकागोच्या टोळ्यांपर्यंत जातो. जायचेच असेल तर मग तिथला सगळा इतिहास पाहावा, केवळ सिनेमात दिसलेला नव्हे.

अमेरिकेच्या राज्यघटनेतली अठरावी दुरुस्ती जानेवारी 1919 मध्ये मंजूर झाली आणि 17 जानेवारी 1920 पासून अमलात आली. तिने दारू तयार करणे, विकणे आणि तिची ने-आण करणे बंद केले. पिणे बंद केले नाही. घरात साठवून ठेवलेली दारू घरात पिणे गुन्हा नव्हता, आणि श्रीमंतांनी आधीच तळघरे भरून ठेवली होती. आपल्याकडच्या 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यात मात्र पिणाऱ्यालाच परवाना लागतो. तो कायदा आजही महाराष्ट्रात आहे. म्हणजे ज्या अमेरिकेला आपण अतिरेकाचे उदाहरण म्हणून पुढे करतो, तिच्या कायद्याने पिणाऱ्याला हात लावला नव्हता. आपण जिथे बंदी नाही तिथेही लावून ठेवला आहे.

त्या बंदीने काही साधलेच नाही, हा दुसरा गैरसमज. चोरट्या दारूची मोजदाद कुणाच्या वहीत नसते, त्यामुळे अर्थतज्ज्ञांना आडवाटेने अंदाज बांधावे लागले. त्यांतला बहुमान्य अंदाज असा की सुरुवातीच्या वर्षांत दारूचा खप बंदीपूर्व काळाच्या साधारण 30 टक्क्यांवर आला आणि पुढे वाढत 60-70 टक्क्यांवर गेला. यकृत आकसून मरणाऱ्या पुरुषांचे प्रमाण 1911 मध्ये लाखामागे 29.5 होते, ते 1929 मध्ये 10.7 झाले. ही घट पहिल्या महायुद्धाच्या काळातच सुरू झाली होती, तेव्हा तिचे सगळे श्रेय बंदीला देता येणार नाही. पण ज्या काळाला आपण सरसकट फसलेला म्हणतो, त्या काळात गरीब कामगाराच्या घरात आठवड्याच्या पगारातले जास्त पैसे पोहोचत होते, हे नाकारता येत नाही. चोरटी दारू महाग होती. ती ज्यांना परवडत होती त्यांच्याच गोष्टी कादंबऱ्यांत आल्या, सिनेमांत आल्या. ज्यांना परवडेनाशी झाली त्यांची गोष्ट कुणी लिहिली नाही.

तरीही ती बंदी मोडली, आणि का मोडली हेच आपल्याला शिकण्यासारखे आहे.

मागणी निघाली होती घरांतून. 1873 च्या डिसेंबरात ओहायो राज्यातल्या हिल्सबरो गावात एलायझा थॉम्पसन यांच्यामागे गावातल्या बाया दारूच्या गुत्त्यांवर चालून गेल्या. तिथेच गुडघे टेकून त्या प्रार्थना करू लागल्या आणि मालकांना दुकान बंद करायची विनवणी करू लागल्या. काही महिन्यांत हे लोण शेकडो गावांत पसरले. नवऱ्याच्या मिळकतीवर हक्क नाही, घटस्फोट जवळपास अशक्य, मताचा अधिकार नाही, अशा बायांनी सार्वजनिक जागेत पहिले पाऊल टाकले ते गुत्त्याच्या दारात. गडचिरोलीत 1980 च्या दशकाच्या शेवटी दारूविरोधात उठलेल्या बायांमध्ये, किंवा 2010 च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या विधानभवनाकडे पायी निघालेल्या चंद्रपूरच्या बायांमध्ये जे होते, तेच त्यांच्यात होते. त्यातून 1874 मध्ये स्त्रियांची मद्यनिषेध संघटना उभी राहिली. तिच्या नेत्या फ्रान्सिस विलर्ड यांनी दारूच्या प्रश्नाला मताधिकार, कामाचे तास, मुलींच्या संमतिवयाचा कायदा असे सगळे जोडले. त्यांच्या लेखी दारू हा स्त्रीच्या गुलामगिरीचा एक धागा होता.

पण 1893 नंतर सूत्रे दुसऱ्या हातांत गेली. ओहायोतच जन्मलेल्या गुत्ताविरोधी संघटनेने, अँटी-सलून लीगने, एकच कलम धरले आणि त्यावर आमदार-खासदार पाडायला आणि निवडून आणायला सुरुवात केली. तिचे वकील वेन व्हीलर दबावाच्या राजकारणात इतके तरबेज होते की दोन्ही पक्ष त्यांना वचकून असत. 1917 मध्ये अमेरिका युद्धात उतरली. बिअरचे मोठे कारखानदार जर्मन वंशाचे होते, त्यामुळे दारूविरोध आणि जर्मनद्वेष एकमेकांत मिसळले. शहरांतले आयरिश, इटालियन, पोलिश, ज्यू स्थलांतरित हे पिणारे, म्हणून अमेरिकेला बाटवणारे, ही भाषा उघडपणे चालू झाली. 1924 मध्ये स्थलांतराचा कठोर कायदा आला. दक्षिण आणि पूर्व युरोपातल्या लोकांचे दरवाजे अरुंद झाले, आशियातल्यांचे जवळजवळ बंद झाले. त्याच वर्षांत कु क्लक्स क्लॅनची सभासदसंख्या लाखांच्या घरात होती आणि दारूबंदीची अंमलबजावणी हे त्यांचे एक आवडते काम होते. इलिनॉय राज्यातल्या विल्यमसन परगण्यात क्लॅनच्या माणसांनी इटालियन कोळसा-कामगारांच्या घरांवर धाडी घातल्या. घरातल्या वाइनचे निमित्त होते, पण धाड होती ती त्या माणसांवर. 1928 मध्ये अल स्मिथ अध्यक्षपदाला उभे राहिले आणि हरले. ते कॅथलिक होते, न्यूयॉर्कचे होते आणि बंदीच्या विरोधात होते. या तिन्ही गोष्टी विरोधकांच्या प्रचारात एकाच शिवीसारख्या वापरल्या गेल्या.

हिल्सबरोच्या बायांना घरातला माणूस परत हवा होता. क्लॅनला शेजारचा माणूस गावाबाहेर हवा होता. दोघांनी मागितला कायदा एकच, आणि राबवताना तो दुसऱ्यांच्या मनाप्रमाणे राबला. तुरुंगात गेले ते गरीब, काळे, स्थलांतरित आणि डोंगरात भट्टी लावणारे. हॉटेलांच्या मागच्या दाराने पिणाऱ्यांना फारसा धक्का लागला नाही. 1929 मध्ये शिक्षा आणखी कडक केल्या गेल्या. कायद्याचा धाक त्यामुळे वाढला नाहीच, होता तो आदरही गेला.

सरकार किती खाली उतरू शकते, हेही त्या वर्षांनी दाखवले. कारखान्यांना लागणारा अल्कोहोल चोरून पिण्यासाठी वळवला जात होता. तो पिता येऊ नये म्हणून त्यात विषारी द्रव्ये मिसळण्याचा नियम होता, आणि 1926-27 च्या सुमारास त्यातल्या मेथिल अल्कोहोलचे प्रमाण वाढवण्यात आले. लोक पिणार हे ठाऊक असूनही ते वाढवले गेले. 1926 च्या नाताळात न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत माणसे आंधळी होऊन, तडफडत दाखल झाली. शहराचे मुख्य वैद्यकीय परीक्षक चार्ल्स नॉरिस यांनी या मृत्यूंची नैतिक जबाबदारी सरकारवर आहे असे जाहीरपणे सांगितले. 1930 मध्ये औषधाच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या आल्याच्या अर्कात कुणीतरी विषारी रसायन घातले आणि दक्षिणेतली हजारो गरीब माणसे पायांनी लुळी झाली. बंदीमुळे विषारी दारू येते, हा युक्तिवाद इथून निघतो आणि आपल्याकडे पोहोचतो. पण 2015 च्या जूनमध्ये मालवणीत शंभरावर माणसे मेथेनॉलने मेली, तेव्हा मुंबईत दारूची दुकाने उघडी होती. विष जाते ते ज्याच्या खिशात कायदेशीर दारूचे पैसे नाहीत त्याच्या पोटात. बंदी असली काय नि नसली काय, गरीब पिणाऱ्याचा जीव स्वस्त समजला जातो तोवर मालवणी घडत राहणार. हा दोष बंदीच्या खात्यावर टाकून मोकळे होणे मला अप्रामाणिक वाटते.

मग बंदी उठली कशी? अमेरिकेत 1913 पूर्वी केंद्र सरकारच्या उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा दारूवरच्या करातून येत असे. त्या वर्षी सोळाव्या दुरुस्तीने आयकर आला. सरकारला दुसरे उत्पन्न मिळाले, तेव्हाच दारूवर पाणी सोडणे शक्य झाले. 1929 मध्ये शेअर बाजार कोसळला, कारखाने बंद पडले, आयकराची आवक आटली. ज्यांच्यावर आयकराचा भार होता त्या धनिकांना दारूचा कर परत हवासा वाटू लागला. ड्यू पाँ या उद्योगपती घराण्यातली मंडळी बंदी उठवण्याच्या चळवळीला पैसा पुरवत होती. बेकारांना काम हवे होते, अध्यक्ष रूझवेल्टना नव्या योजनांसाठी पैसा हवा होता. 1933 च्या एप्रिलमध्ये आधी बिअर सुटली आणि 5 डिसेंबरला युटा राज्याच्या मताने एकविसावी दुरुस्ती मंजूर होऊन बंदी संपली. मंदी आली नसती तर ती इतक्या झपाट्याने संपली असती, असे मला वाटत नाही.

तिजोरीचा हा मुद्दा आपल्याला चटकन कळायला हवा, कारण आपण त्याच जाळ्यात आहोत. इंग्रजांनी अबकारी खाते बसवले, गुत्त्यांचे लिलाव केले आणि मोहाच्या घरगुती दारूला गुन्हा ठरवून सरकारी दारूला उत्पन्न केले. 1880 मध्ये पुण्यात नवे गुत्ते निघू लागले, तेव्हा नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी लेखी विरोध नोंदवला होता. 1908 मध्ये टिळकांच्या अनुयायांनी पुण्याच्या गुत्त्यांवर पहारे बसवले. 1920 च्या डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात असहकाराचा ठराव पक्का झाला. अमेरिकेची बंदी तेव्हा वर्षभराचीही झाली नव्हती आणि तिकडच्या बातम्या इथे आशेने वाचल्या जात होत्या. 1921 मध्ये नागपुरात गुत्त्यांवर निदर्शने झाली, लिलावांवर बहिष्कार पडले. 1938 मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने दारूबंदीचा कायदा केला. अमेरिकेने बंदी उठवून पाच वर्षे झाली होती आणि हे सगळ्यांना माहीत होते. तरी त्यांनी तो केला, कारण गुत्ता हे परक्या सरकारच्या उत्पन्नाचे दुकान आहे अशी त्यांची समजूत होती. ती बरोबरच होती.

राज्य आपले झाले. घटनेच्या 47 व्या कलमात दारूबंदीचे उद्दिष्ट लिहिले गेले. उत्पन्नाचे दुकान मात्र तिथेच राहिले. 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांच्या हातातले बहुतेक अप्रत्यक्ष कर गेले. पिण्याची दारू त्यातून वगळली गेली, म्हणून ती राज्य सरकारच्या हातातली सगळ्यात सोपी तिजोरी झाली. 2025 च्या जूनमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने दारूवरचे शुल्क वाढवले, ते वर्षाला आणखी 14,000 कोटी रुपये मिळतील या हिशेबाने. कर वाढला की दारू महागते आणि पिणे काहीसे घटते, हे खरे. पण ज्या सरकारचा अर्थसंकल्प माणसाच्या पिण्यावर उभा आहे, त्याच सरकारच्या खात्याकडून ते पिणे कमी करण्याची अपेक्षा कशी ठेवायची? चंद्रपूरची बंदी उठवताना सांगितलेल्या कारणांत चोरट्या दारूबरोबर बुडणारा महसूलही होताच. 1933 मधला अमेरिकेचा हिशेब आणि हा हिशेब एकाच वहीतला आहे.

ज्या बायांनी चिमूर ते नागपूर पायी अंतर कापले त्यांच्यापैकी कुणी महसुलाचे गणित मांडले नव्हते. कार्यकर्त्या पारोमिता गोस्वामी आणि त्यांच्या श्रमिक एल्गार संघटनेच्या त्या मोर्चात कोळसा खाणीतल्या मजुरांच्या बायका होत्या, शेतमजूर होत्या, आदिवासी होत्या. त्या क्लॅनसारख्या परक्याच्या घरावर चालून गेल्या नव्हत्या. त्यांचे गाऱ्हाणे स्वतःच्या घराबद्दल होते. हा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि अमेरिकेचा दाखला देणारे तो कधीच लक्षात घेत नाहीत. तिथे बंदी राबवणारे पिणाऱ्याचा द्वेष करत होते. इथे मागणाऱ्या बाईचे पिणाऱ्यावर प्रेम आहे, निदान त्याच्याशी संसार बांधलेला आहे. तो तुरुंगात गेला तर जामिनासाठी तिलाच फिरावे लागते. म्हणून तिच्या मागणीतून निघणारा कायदा वेगळा असायला हवा होता. पिणाऱ्याला न धरणारा, विकणाऱ्याला आणि त्याच्या पाठीराख्याला धरणारा. तसा तो झाला नाही. पोलीस मोहाचा सडवा नाल्यात ओतताना फोटो काढून घेतात. भट्टी पेटवणारी बाई बहुधा विधवा किंवा टाकलेली असते, दुसरे काम नसलेली, आणि खटला तिच्यावर होतो. परजिल्ह्यातून पेट्यांनी दारू आणणाऱ्याचे नाव कागदावर येत नाही. एवढी गोष्ट विल्यमसन परगण्याच्या फार जवळ जाते आणि तिची मला खरोखर काळजी वाटते.

बंदी पाहिजे की नको, या प्रश्नाच्या पलीकडेही एक प्रश्न आहे. पिणाऱ्याचे बंदीच्या दुसऱ्या दिवशी काय होते?

अमेरिकेतला गुत्ता नुसता पिण्याची जागा नव्हता. स्थलांतरित मजुराला तिथे त्याच्या भाषेत बोलणारे भेटत, कामाची बातमी मिळे, पगाराचा धनादेश वटवून मिळे, कामगार संघटनेची सभा भरे, पत्र वाचून दाखवले जाई. हे सगळे वाईटाशी जोडलेले होते, कारण पैसे तिथेच फिरून दारूत जात. पण एकट्या माणसाला ती एक जागा होती. कायद्याने ती बंद केली आणि तिच्या ठिकाणी काही उभे केले नाही. ते उभे राहिले बंदी उठल्यावर, आणि कायद्याच्या मदतीशिवाय. 1935 मध्ये ओहायोतल्याच ॲक्रन गावी दोन दारुडे भेटले. एक न्यूयॉर्कचा शेअर दलाल, दुसरा गावातला शल्यचिकित्सक. आपले पिणे आपल्या हातात राहिलेले नाही हे त्यांनी एकमेकांपाशी कबूल केले, आणि दुसऱ्या दारुड्याला सावरताना आपण स्वतः कोरडे राहतो हे त्यांना कळले. त्या वर्षाच्या 10 जूनला अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सुरुवात धरतात. वर्गणी नाही, पुढारी नाही, पोलीस नाही. आपल्यापेक्षा मोठ्या शक्तीवर भरवसा, झालेल्या चुकांची कबुली, ज्यांना दुखावले त्यांच्याकडे जाऊन भरपाई, आणि आठवड्याची सभा. 1986 मध्ये अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी पु. ल. देशपांड्यांच्या मदतीने पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, तेव्हा तिथल्या उपचारांतही या सभांना जागा मिळाली.

आता मौद्याकडे पाहा. ॲक्रनच्या त्या दोघांचे नावही कानावर पडलेले नसेल अशा माणसांनी जवळपास तीच वाट काढली. सेवक झालेल्या घरात दारू सोडणारा एकटा नसतो, सगळे घर त्या नियमात येते. एक मार्गदर्शक असतो, चर्चाबैठक असते, एकमेकांना ‘नमस्कारजी’ म्हणणारी माणसे असतात, आणि पाय घसरला तर दारात येऊन उभा राहणारा जुना सेवक असतो. तोही कधी प्यायचा, म्हणून त्याच्यासमोर लाज वाटत नाही. या मार्गाने नागपुरात स्वतःची नागरी सहकारी बँक काढली, हे मला त्याच्या श्रद्धेइतकेच मोलाचे वाटते. दारू सुटली की रोज संध्याकाळी हातात पैसे उरतात. त्या पैशांना जागा नसेल तर सट्ट्याला किंवा परत पव्व्याला जायला वेळ लागत नाही. व्यसन सोडणे ही आधी मनाची, मग संगतीची आणि लगेच हिशेबाची गोष्ट आहे, हे ज्यांना उमगले त्यांनी बँक काढली. वॉशिंग्टनच्या कायदेपंडितांना हे सुचले नव्हते.

त्या मार्गात सगळेच आहे असे मात्र मी म्हणणार नाही. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर त्याला फेफरे येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, क्वचित जीवही जाऊ शकतो. अशा वेळी डॉक्टर लागतो, आणि तालुक्याच्या ठिकाणी व्यसनमुक्तीचा डॉक्टर मिळणे आजही अवघड आहे. श्रद्धा नसलेल्या माणसाला या दारातून आत जाणे जड वाटू शकते. आणि सेवकाने कितीही निश्चय केला तरी त्याच्या कामाच्या रस्त्यावर नवा परवाना द्यायचा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्याच्या बैठकीला नाही. मनाच्या बळावर सुटलेली दारू रोज त्याच दुकानासमोरून चालत घरी आणावी लागते. महामार्गावरच्या गावात तर ट्रकवाल्यांसाठी, वीज केंद्राच्या कंत्राटी मजुरांसाठी मागणी कायमच असणार. संतांपासून गाडगेबाबांपर्यंत, मोझरीच्या तुकडोजी महाराजांपर्यंत सगळ्यांनी माणसाला हाक दिली. दुकानाला हाक देणे त्यांच्या हातात नव्हते, ते राज्याचे काम होते.

इथे मला अमेरिकेच्या इतिहासातला एक कमी सांगितला जाणारा भाग आठवतो. 1933 मध्ये बंदी उठली म्हणजे देशभर दारू खुली झाली असे नाही. अधिकार राज्यांकडे आणि राज्यांनी पुष्कळ ठिकाणी परगण्यांकडे दिला. मिसिसिपी राज्य 1966 पर्यंत कोरडे राहिले. जॅक डॅनियल्स ही जगभर विकली जाणारी व्हिस्की टेनेसीतल्या मूर परगण्यात तयार होते, आणि तो परगणा बंदीवाला म्हणूनच ओळखला जातो. म्हणजे अमेरिकेने शेवटी दारूबंदी सोडली नाही, ती गावकीच्या हाती दिली. देशभराचा एकच कायदा गेला आणि तिथल्या तिथे मत घेण्याचा अधिकार टिकला. अमेरिका हरली असे म्हणणाऱ्यांनी एवढे तरी सांगायला हवे.

आपल्याकडे हा अधिकार कागदावर आहे. गावातल्या किंवा प्रभागातल्या 25 टक्के महिला मतदारांनी अर्ज केला की गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवी बाटली जिंकली की दुकान बंद. ऐकायला सुंदर आहे. पण नियम असा की मतदार यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून जास्त जणींचे मत आडव्या बाटलीला पडले पाहिजे. झालेल्या मतदानापैकी निम्मे पुरत नाही. यादीत लग्न होऊन गेलेल्या मुली असतात, कापसाच्या किंवा विटांच्या कामाला परगावी गेलेल्या असतात, मृतांची नावेही असतात. त्या सगळ्या उभ्या बाटलीच्या बाजूने धरल्या जातात. आमदार निवडून येतो तो झालेल्या मतांतल्या सर्वाधिक मतांवर, एकूण यादीतली निम्मी मते त्याला कुणी मागत नाही. ज्या सभागृहाने स्वतःसाठी एवढी सोपी अट ठेवली, त्याच्या सरकारने धानाच्या बांधीतून मतदानाला येणाऱ्या बाईसाठी एवढी कठीण अट घालावी, हे मला अन्यायाचे वाटते आणि ते बदलायला घटनादुरुस्ती लागत नाही.

पॉलीन सेबिन यांचे उदाहरण बंदीच्या विरोधात नेहमी दिले जाते, म्हणून तेही बघू. श्रीमंत घरातल्या या बाई आधी बंदीच्या बाजूने होत्या, आपल्या दोन मुलांचे भले होईल म्हणून. पुढे त्यांना दिसले की चोरटी दारू मुलांना अधिक सहज मिळते आणि कायद्याचा आदर संपला आहे. 1929 मध्ये त्यांनी बंदी उठवण्यासाठी स्त्रियांची संघटना काढली आणि ती काही वर्षांतच दहा लाखांच्या पुढे गेल्याचे संघटनेचे म्हणणे होते. सेबिन यांचे निरीक्षण खोटे नव्हते. पण त्यांना जे दिसत होते ते शहरातल्या सुखवस्तू घरांचे होते. त्यांच्या शब्दाला राजकारणात जे वजन होते, ते हिल्सबरोच्या बायांना कधीच नव्हते. आपल्याकडेही दारूबंदीच्या बाजूने कुणी बोलले की शहरी सुशिक्षित बाई सांगते, माझ्या घरी असला त्रास नाही, प्रौढांना निवड करू द्या. तिचे स्वातंत्र्य मला मान्य आहे. तिच्या स्वातंत्र्यासाठी पारशिवनीच्या किंवा कुहीच्या बाईचा मार सहन करण्याचा हिस्सा वाढू नये, एवढेच मी मागतो.

म्हणून मौद्यासारख्या तालुक्यात तीन कामे एकाच वेळी झाली पाहिजेत. आडव्या बाटलीची मोजणी प्रत्यक्ष पडलेल्या मतांवर व्हावी. पिणाऱ्यासाठीचे परवान्याचे कलम कायद्यातून जावे, म्हणजे पोलिसांना उधळपट्टी करणाऱ्या बापाऐवजी पेट्या आणणाऱ्याकडे बघावे लागेल. आणि वाढीव शुल्कातून येणाऱ्या रकमेतला ठरावीक वाटा त्या त्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात व्यसनमुक्तीच्या खाटांवर, औषधांवर आणि समुपदेशकांच्या पगारावर खर्च व्हावा. त्याचा हिशेब ग्रामसभेत वाचला जावा. सेवकांच्या बैठकीतून आलेल्या माणसाला पहिले आठ दिवस डॉक्टरची देखरेख मिळावी, आणि दवाखान्यातून सुटलेल्याला गावात कुणाची तरी संगत मिळावी, मग ती सेवकांची असो, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची असो, गडचिरोलीत 2016 पासून चाललेल्या मुक्तिपथसारख्या कामाची असो. नागपूर जिल्ह्यातल्या पुढच्या अर्थसंकल्पी आराखड्यात या खाटांसाठी किती रक्कम धरली आहे, हे जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत मौद्याच्या प्रतिनिधीने उठून विचारावे, आणि आकडा मिळेपर्यंत खाली बसू नये.